हातचा

गाडी बाबांची. इंजिन मागच्या अंगाला,
पोट रस्त्याला टेकेल इतकी बुटकी,
रंग असा, की म्हाताऱ्या माणसाला शोभू नये.
बाबांना आता फक्त कडा दिसतात :
माझा कान, खिडकीची चौकट.
मधोमध एक राखाडी डाग
चार वर्षं ठाण मांडून बसलाय.
म्हणून किल्ली माझ्याकडे.
रेयडरहून डोंगरावरच्या रस्त्यानं समुद्राकडे,
ऑक्टोबर, आणि वेल्समधला पाऊस :
तो पडत नाही, मुक्कामाला असतो.

निघण्याआधी ते चारही चाकांशी वाकले.
टायरच्या खाचांत वीस पेन्सांचं नाणं उभं केलं,
कड बुडते का, अंगठ्यानं पाहिलं.
म्हणाले, "रबर गार आहे, टेगवेन.
पहिले दहा मैल त्याला पाहुण्यासारखं वागव."

मी विचारलं, वापरायची नाही
तर एवढी ताकद भरलीय कशाला हिच्यात?
"तिसरीत तुझ्या बेरजा चुकायच्या.
हातचा विसरायचीस.
पावसात तेच. ब्रेकमध्ये, वळणात, पायाखाली
हातचा एक ठेव."

एलान गावापुढे धरणाची भिंत पांढरीफेक, ओसंडणारी.
तिथं बाबांनी डोळे मिटले
आणि रस्ता ऐकायला घेतला.
चाकांवरच्या पत्र्याला आतून पाणी थडकतं, तो आवाज.
"हे पातळ. चल."
"आता जाड झालं. डावीकडून शेताचं पाणी येतंय ना?"
येत होतं. फाटकाखालून, कोऱ्या चहाच्या रंगाचं.
"पुढे मेंढ्या अडवायची लोखंडी जाळी लागेल.
तिच्यावर ब्रेक नाही, गॅस नाही, वळणं नाही.
सरळ जायचं, देवळात जातो तसं."
तडतडतड,
आणि गाडीनं किंचित, अगदी किंचित
कंबर हलवली.

वळणं सुरू झाली.
ब्रेक आधीच, सरळ रस्त्यावर,
पिकलेलं फळ दाबून बघावं तसा.
मग स्टिअरिंग. मग गॅस.
टायरकडे एका वेळी एकच मागणं.
एका डाव्या वळणात कडेची मेंढी उठून उभी राहिली.
माझा पाय आपसूक वर आला, केसभर,
इंजिनाचा सूर उतरला, आणि बाबा ओरडले,
"वळणात काढता पाय घ्यायचा नाही!"
मी मेंढीवरून नजर सोडवली,
वळण जिथं संपत होतं तिथं नेऊन ठेवली.
नजरेमागून गाडी गेली.

याच रस्त्यावर कुठंतरी, त्र्याऐंशी साली,
ही गाडी उलटी झाली होती. आई आत होती.
गळ्याजवळचं हाड तिचं शेवटपर्यंत वाकडं राहिलं.
जागा कोणती, हे मला कधीच कळलं नाही.
दोघांनीही सांगितलं नाही.

मग एक लांब सरळ पट्टा.
मी जरा सैलावले. मैल पन्नास, बावन्न.
आणि आवाज बंद झाला.
सळसळ नाही, थडक नाही,
स्टिअरिंग हातात कागदाचं.
"काही करू नकोस," बाबा म्हणाले,
निजलेल्या मुलाजवळ बोलावं इतक्या हळू.
"हात सरळ. पाय सावकाश सैल कर.
ब्रेक नको. थांब.
थांब."
माझ्या हातांना काहीतरी करायचं होतं.
त्यांना गप्प बसवणं
हे मी आजवर केलेलं सर्वांत अवजड काम.
किती वेळ? मेंढी एक घास चावते तेवढा.
मग चाकं खाली टेकली,
पाणी पुन्हा बोलायला लागलं.

कुमिस्टविथच्या बंद शिशाच्या खाणींपाशी गाडी लावली.
बाबा काही वेळ दाराच्या कडेवर बोट फिरवत राहिले.
"त्या दिवशी," ते म्हणाले,
"मी काहीतरी केलं होतं."

मी काही बोलले नाही.
धुकं खाणींवरून उठत होतं.

"आणि वायपर बंद कर," म्हणाले,
"कोरडी काच घासतायत मघापासून.
पाऊस थांबलाय.
दिसत नाही का तुला?"